लिमयेबाईंचं माप

लिमयेबाई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य "शर्ट वर करा" हे होतं. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. दारात चपला काढता काढता त्या हे म्हणाल्या आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आलेली माझी आई जागच्या जागी थबकली. मी चाळिशीतला अविवाहित माणूस, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला. आमच्या कर्वेनगरच्या घरात पहिल्या भेटीत कुठल्याही बाईनं असं काही म्हटलेलं नव्हतं.

"अहो, लाजताय काय," बाई म्हणाल्या. "मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलंय मी. माप घेताना मला माणूस दिसत नाही. नुसते इंच दिसतात."

बाई गेल्या महिन्यात गेल्या. कॅलिफोर्नियात, मुलाच्या घरी, झोपेत. त्यांच्या मुलाची, अमेयची, तीन ओळींची ई-मेल आली. ती मी आईला वाचून दाखवली. तेव्हापासून रोज थोडं थोडं हे लिहितो आहे. बाई तिथे नातीला मांडीवर घ्यायला गेल्या होत्या. विमानाचा प्रवास एका दिवसाचा, पण बाईंना निघायलाच दोन वर्षं लागली.

आधी माझ्या शर्टाचं सांगतो. माझं मोठं आतडं आजारामुळे काढून टाकावं लागलं होतं. लहान आतड्याचं टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर आणून शिवलेलं होतं. डॉक्टर त्याला स्टोमा म्हणतात. त्याच्याभोवती मधे भोक असलेली एक चिकट चकती बसवायची आणि चकतीला पिशवी. ऐकायला सोपं आहे. पण त्या टोकातून जे येतं ते पातळ असतं आणि कातडीला लागलं तर कातडी भाजून काढतं. माझी चकती रोज कुठून तरी सुटायची. मग मी तिच्यावर चिकटपट्टी लावायचो, ती सुटली की तिच्यावर आणखी एक. बाई आल्या त्या दिवशी माझ्या पोटावर चार थर होते आणि खाली कातडी सोललेल्या टोमॅटोसारखी झाली होती. मी खुर्चीत बसून झोपत होतो. हॉस्पिटलमधल्या नर्सनं बाईंचं नाव दिलं होतं, कारण बाईंना स्वतःला असाच स्टोमा होता. अकरा वर्षांपासून.

बाईंनी चारही थर पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवले. मग मला उभं केलं, बसवलं, वाकवलं, आडवं केलं, पुन्हा बसवलं. बसल्यावर माझ्या पोटाला एक घडी पडत होती आणि ती नेमकी स्टोमाच्या खालून जात होती.

"ही बघा चोरवाट," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात तुमचं माप आडवं झोपवून घेतलंय. उभ्यानं चांगला दिसणारा ब्लाऊज बसल्यावर काखेत काचतो, तसं आहे हे. तुम्ही दिवसभर बसून असता ना? मग माप बसूनच घ्यायचं."

घडीत त्यांनी एक मऊ पेस्ट भरली. सोललेल्या जागेवर पावडर भुरभुरवली आणि फुंकरीनं जास्तीची उडवून दिली. नर्सनं दिलेल्या कार्डावर लहानमोठी भोकं होती. ती एकेक धरून पाहिली, जे बसलं त्या भोकाचा कागद कापला, कागदावरून चकती कापली. चकती पाच मिनिटं स्वतःच्या तळहातात धरून ऊबदार केली, मग लावली, आणि मला तिच्यावर हात दाबून ठेवायला सांगितलं.

"किती वेळ?"

"माझा चहा होईपर्यंत."

बाई चहा सावकाश पीत.

जाताना म्हणाल्या, "जळजळ म्हणजे आतून आलेला निरोप. निरोपावर चिकटपट्टी लावायची नसते. चकती काढून बघायचं काय झालंय ते." त्या रात्री मी तीन आठवड्यांनी पहिल्यांदा आडवा झोपलो.

बाई स्वतःच्या स्टोमाला 'शेजारीण' म्हणत. "ती काही आपली नसते, पण भिंत एक. तिचं वेळापत्रक सांभाळावं लागतं." माझ्या स्टोमाचं नाव त्यांनी 'उपग्रंथपाल' ठेवलं. तो फार बोलतो, अशी माझी तक्रार होती. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात 'शांतता राखा' ही पाटी मीच लिहून लावलेली, आणि तिच्याच खाली बसून हा गुरगुरणार. रजा संपत आली होती आणि मला तीच धास्ती होती.

"आवाज आला की खुर्ची सरकवा," बाई म्हणाल्या. "आणि मग खुर्चीकडे रागानं बघा. लोक तुम्ही बघाल तिकडे बघतात."

हा उपाय मी आजही करतो. माझ्या खुर्चीबद्दल महाविद्यालयात वाईट मत आहे.

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात या पिशव्या मिळत. पूर्वी त्या मिळतच नसत. बाईंचे दीर परदेशातून वर्षाला एक खोकं आणत आणि बाई एकेक पिशवी धुऊन, दोरीवर वाळवून आठवडा आठवडा वापरत. आता बाहेरचा माल येऊ लागला होता, दुकानात चार प्रकार असत. पण दुकानदार ते खोकं आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचा, मग काळ्या पिशवीत घालायचा, आणि काउंटरखालून द्यायचा. बाईंबरोबर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी ते सगळं तिथेच सोडलं, वर्तमानपत्राची घडी घालून दुकानदाराला परत केली.

"हे वाचायचं राहिलं असेल तुमचं."

"बाई, मी आपलं... लोक असतात आजूबाजूला."

"असू द्या. चोरीचा माल आहे का?"

"नाही हो."

"मग पावती द्या आणि खोकं असंच द्या. यांच्या हातात शोभतंय. मिठाईसारखं दिसतं."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. मी खुर्ची शोधत होतो, पण दुकानात खुर्ची नव्हती.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत माझी कातडी बरी झाली होती. नरक चतुर्दशीला आईनं पहाटे पाटावर बसवलं. मी म्हटलं, तेल नको. ती म्हणाली, वर्षाचा सण आहे, कोरड्या अंगानं आंघोळ करायची का आजाऱ्यासारखी. मी बसलो. एवढ्या महिन्यांत कोणी मायेनं अंगाला हात लावला नव्हता, हेही खरं. आईनं पोटासकट सगळीकडे तेल जिरवलं, वर उटणं. मग मी कोरडं पुसून नवी चकती लावली. ती फराळाला काकांकडे पोचेपर्यंत टिकली आणि चकलीच्या दुसऱ्या वेढ्याला निसटली.

पाडव्याला बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे वळल्या.

"काकू, मुलाला आंघोळ घातलीत की तळायला घेतलंत?"

"अहो, चार थेंब लावलं असेल."

"गोंद आणि तेल यांचं कधी जमलंय का? पापड लाटताना तेल लावता ते कशासाठी? चिकटू नये म्हणूनच ना?"

 पापडाचा मुद्दा आईला पटला होता. बाईंनी पिशवीतून शिंप्याचा खडू काढला आणि माझ्या पोटावर स्टोमाभोवती वीतभर व्यासाचं वर्तुळ काढलं.

"ही वेस. हिच्या बाहेर तुमचं राज्य. पाठ, पाय, डोकं, काय हवं ते तेल ओता. आत नुसतं पाणी. साबण नको, मलम नको, आणि प्रेम तर मुळीच नको."

आई हसली. पुढच्या दिवाळीला तिनं स्वतःच खडू आणून ठेवला होता.

आता बाईंच्या नातीबद्दल. सई तिचं नाव. बाईंचा अमेय संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला, तिथेच लग्न झालं, तिथेच सई झाली. शनिवारी सकाळी बाई कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीजवळच्या सायबर कॅफेत जात आणि मला तिथे बोलावत, कारण ई-मेल उघडणं मला ग्रंथालयामुळे येऊ लागलं होतं. अमेय दर मेलच्या शेवटी विचारायचा, आई, कधी येतेस. दोनदा त्यानं तिकीट काढलं, दोनदा बाईंनी रद्द करायला लावलं. पहिल्यांदा गुडघ्याचं कारण होतं. दुसऱ्यांदा तिकडच्या थंडीचं. कॅलिफोर्नियात किती थंडी असते हे मी ग्रंथालयात पाहून आलो होतो, पण बोललो नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली होती. माझ्यासारख्यांची मापं घेत बाई मोपेडवरून गावभर फिरत अशी त्यांची ख्याती होती, पण ते गाव म्हणजे कोथरूड, कर्वेनगर, डेक्कन आणि फार तर पेठा. कुठेही त्या दोन तासांच्या वर थांबत नसत. नाशिकला सख्ख्या बहिणीच्या मुलाचं लग्न होतं तर आहेर कुरिअरनं पाठवला. आम्हाला मात्र सांगत, फिरा, सिनेमाला जा, कोकणात जा, पिशवीला समुद्र आवडतो.

एका शनिवारी कॅफेत सईचा फोटो उघडत होता. त्या कॅफेत फोटो वरून खाली हळूहळू उतरत असे. आधी आकाश आलं, मग केस, कपाळ, भुवया. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. डोळे आले. आणि बाई एकदम उठल्या. हात पदराखाली दाबलेला.

"चला, मी निघते."

"बाई, अजून नाक यायचंय."

"येईल. तुम्ही प्रिंट घेऊन या."

मी प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी साडी बदलली होती आणि बाथरूमचा नळ नुकताच बंद झाला होता. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"नाक अमेयचं आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दर दुसऱ्या दिवशी होतं हे. कधी दिवसातून दोनदा. विमानात वीस-बावीस तास आणि पलीकडे ती पोर. तिला मांडीवर घेतलं आणि असं झालं तर? दोन वर्षांची आहे. आजी म्हणजे तो वास, एवढंच राहील तिच्याजवळ."

 बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पोटावर सुटलात. माप बदललं असेल. कपाटातून तुमचं पाकीट काढा."

त्यांच्या कपाटात एक खण पाकिटांचा होता. शाळेत प्रत्येक मुलीच्या ब्लाऊजचं कागदी कटिंग त्या पाकिटात घालून, नाव आणि तारीख घालून ठेवायला लावत, तीच सवय. आम्हा सगळ्यांच्या चकत्यांचे कागद तिथे आडनावाप्रमाणे लावलेले होते. माझा धंदा तोच असल्यामुळे माझं लक्ष गेलं. प्रत्येक पाकिटावर चार-पाच तारखा, जुन्या खोडलेल्या, शेवटची ठेवलेली. 'ल'मध्ये एक पाकीट होतं, त्यावर 'स्वतः' एवढंच लिहिलेलं. त्यावर एकच तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची.

"बाई," मी म्हटलं, "याची एकच आवृत्ती आहे?"

"ते माझं आहे."

"तारीख तुमच्या ऑपरेशनच्या महिन्यातली दिसते."

"असेल. तिसऱ्या आठवड्यात काढला कागद."

"तुम्हीच सांगता की पहिले दोन महिने सूज उतरत असते, दर आठवड्याला माप घ्या. मला तर पाच वेळा घ्यायला लावलंत."

बाईंनी फोटो टेबलावर ठेवला. "मी त्या कागदावर आणखी एक सूत सैल कापते," त्या म्हणाल्या. "घट्ट शिवलेलं मला कधीच आवडलं नाही. शाळेत पण सांगायची मुलींना, श्वास घ्यायला जागा ठेवा."

"पण बाई, ब्लाऊजमध्ये ती जागा..."

"पाकीट जागेवर ठेवा, ग्रंथपाल."

मी ठेवलं. माझं माप त्या दिवशी राहून गेलं. त्यानंतर आठ दिवस बाई आल्या नाहीत, फोन उचलला नाही. मला वाटलं, मी एक चांगलं माणूस घालवलं. त्यांनी शेकडो पोटं पाहिली होती. त्यांचं पोट डॉक्टर सोडून कोणी पाहिलं नव्हतं. यजमान तर ऑपरेशनच्या आधीच गेले होते. आणि स्वतःच्या पोटाची खालची कड स्वतःला दिसत नाही. बाई सगळं हाताच्या अंदाजानं आणि त्या जुन्या कागदावर करत आल्या होत्या.

नवव्या दिवशी सकाळी त्या आल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या.

"काकू, जरा आत येता? कार्ड आणलंय."

आईनं गॅस बंद केला. दोघी आतल्या खोलीत गेल्या, कडी लागली. मी बाहेर पुस्तक उघडून बसलो. आमच्या घराची दारं पातळ आहेत.

"हात धुतलेत?"

"दोनदा. तेलाचा थेंब नाही, बघा."

"बारक्या भोकापासून सुरू करा. कातडीला घासायला नको, पण भोवती फट पण नको."

"हे बसत नाही. हेही नाही. जरा पदर धरा हो, दिसत नाही मला. हे... हे बसलं."

"किती मिलिमीटर लिहिलंय त्यावर?"

"अठ्ठावीस."



"परत बघा, काकू."

"अठ्ठावीसच आहे. चष्मा लावलाय मी."

"माझं पस्तीस आहे."

"तेव्हा असेल."

त्यानंतर बाई काय म्हणाल्या ते कळलं नाही. आवाज खाली गेला होता. आई म्हणत होती, "असू दे, असू दे. होतं असं."

बाई गेल्यावर आई ओट्याशी उभी राहून उगाच एक वाटी घासत होती. "अर्धं अर्धं बोट लाल कड आहे रे भोवती," ती म्हणाली. "उघडी राहिलेली. मला म्हणाल्या, माझी कातडीच तशी असेल असं वाटायचं. अकरा वर्षं." मग वाटी पालथी घालून म्हणाली, "आणि मला पापडाचं शिकवत होत्या." पण ती हे रागानं म्हणाली नाही.

अठ्ठाविसाच्या मापानं कापलेली पहिली चकती तीन दिवस टिकली. दुसरी चार. पंधरा दिवसांत कड फिकी झाली. आई दर वेळी पाहून येई आणि मला नुसती मान डोलावून दाखवी. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी माझ्याकडून अमेयला मेल लिहवून घेतली. त्यात एकच प्रश्न होता: सईचं वजन किती.

उत्तर आलं, साडेअकरा किलो.

मग आमच्या घरी बारा तासांची विमानाची तालीम झाली. ही कल्पना आईची. सकाळी आठला बाई आमच्या आरामखुर्चीत बसल्या, कमरेला माझा पट्टा बांधला. आई दर दोन तासांनी ताटली घेऊन येई.

"व्हेज की नॉनव्हेज?"

"काकू, तुमच्या घरात?"

"विचारायची पद्धत आहे. अमेयनंच सांगितलं होतं ना मागे."

दुपारी आईनं उशीच्या अभ्र्यात साडेअकरा किलो तांदूळ भरले, तोंड शिवलं, आणि ते गाठोडं बाईंच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी ते आधी डाव्या बाजूला घेतलं, मग मधे, मग धीर करून उजवीकडे, पोटाशी. तसंच धरून बसल्या. मी पेपर वाचून दाखवला. पिशवी भरत आली की त्या उठत, जाऊन येत, पट्टा बांधत, पुन्हा तांदूळ घेत. संध्याकाळी सहाला त्यांनी आईला आत नेलं आणि दोघी बाहेर आल्या.

"कोरडी," आईनं जाहीर केलं.

"बारा तास झाले नाहीत अजून," बाई म्हणाल्या. "दहाच झालेत. वर मोजून दोन तास बसते. माप पुरं घ्यावं." आणि बसल्या, तांदूळ घेऊन.

तिकीट तिसऱ्यांदा काढलं गेलं. विमानात कात्री नेऊ देत नाहीत असं मी वाचलं होतं, म्हणून बाईंनी तीस चकत्या घरीच कापल्या, प्रत्येकीचं भोक कार्डावर पडताळून, आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत घातल्या. सामान हरवलं तर निम्म्या हाताशी. 'स्वतः' लिहिलेल्या पाकिटावरची तारीख खोडून त्यांनी नवी घातली. जुना कागद मात्र फाडला नाही. खोडला, तारीख घातली, मागे ठेवला, जसा आमचा ठेवत तसा.

तिकडून एकच फोटो आला. सई बाईंच्या मांडीवर, तोंडात काहीतरी कोंबलेलं, दोन्ही पाय बाईंच्या पोटाला उजवीकडे टेकवून मागे रेललेली. खाली अमेयकडून लिहवून घेतलेलं वाक्य होतं: काकूंना सांगा, शेजारीण शांत आहे.

त्या फोटोवरच थांबावं असं वाटतं. पण तो मी संगणकावर पाहिला. बाईंना प्रत्यक्ष शेवटचं पाहिलं ते त्यांच्या सोसायटीच्या फाटकापाशी, मुंबई विमानतळाची कॅब येणार होती त्या दुपारी. आई आणि मी पोचवायला गेलो होतो. कॅब चारला यायची होती. पावणेपाच वाजले तरी पत्ता नव्हता. बाई बॅगेवर बसून होत्या, नवी साडी, पायात बूट. मी दर पाच मिनिटांनी वर त्यांच्या फ्लॅटकडे बघत होतो आणि किल्ली खिशात चाचपत होतो, न जाणो लागली तर. पाऊण तासात बाई एकदाही उठल्या नाहीत. आईशी भाज्यांच्या भावाबद्दल बोलत होत्या.

कॅब आली. मागे दोन तरुण आधीच बसले होते, मांडीवर लॅपटॉपच्या बॅगा, एकाचे डोळे मिटलेले. बाईंना पुढची जागा होती. ड्रायव्हर बॅग वर टाकता टाकता म्हणाला, "आजी, आधीच उशीर झालाय. आता मुंबईपर्यंत एकदाच थांबणार, फूड मॉलला. चालेल ना?"

दोन महिन्यांपूर्वी बाईंनी विचारलं असतं, कुठे, किती वाजता, किती मिनिटं, तिथे पाणी असतं का.

"तुम्हाला चहा हवा असेल तर थांबा," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी नको."

दार लागलं. बाईंनी आईकडे पाहून हात हलवला, मला मान हलवून निरोप दिला. कॅब वळणावर पोचली तेव्हा त्या मागे वळून त्या जाग्या पोराशी काहीतरी बोलत होत्या. तो सरळ होऊन बसला होता आणि शर्टाची वरची गुंडी लावत होता.